बिऱ्हाड हलविताना

बिऱ्हाड हलविणे आमच्या पिढीला नवे नाही. नोकरीच्या निमित्ताने आम्ही बडोद्यातल्या बडोद्यात चार वेळा आणि सुरतेस एकदा बिऱ्हाड थाटले आणि मोडले. प्रत्येक वेळी एकच अनुभव आला. सामान बांधणे सोपे असते, टेम्पोत चढविणेही सोपे असते. खरी परीक्षा नव्या जागेत गाठोडी सुटल्यावर होते. ज्या खुंटीवर वीस वर्षे छत्री टांगली ती खुंटी येथे नसते, कपाट दारातून आत जात नाही आणि जुन्या घरी जिन्याखाली ठेवलेला पाटा तेथेच राहून गेल्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी, वाटण करावयाच्या वेळी ध्यानात येते.

सत्तरी ओलांडल्यावर मात्र आमच्यावर एका निराळ्याच बिऱ्हाडाची जबाबदारी येऊन पडली. त्याला ना भांडी ना अंथरूण-पांघरूण. सगळे मिळून ते तळहाताएवढ्या एका डबीत मावत होते. आणि तरीही ते नव्या जागी नीट लागेल की नाही ह्या काळजीने आमच्या काही रात्री झोपेविना गेल्या. त्याची ही हकीकत.

आमच्या भागातील एका छोट्या मराठी वाचनालयाचे हिशेब आणि दप्तर आम्ही बरीच वर्षे पाहत आहो. ग्रंथालयांच्या बाबतीत बडोदेकरांना थोडा अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था उभी केली. आमचे वाचनालय त्या मानाने अगदीच लहान आहे. पण त्याला लाभलेले एक सभासद फार मोठे होते. ते आमचे स्नेही. १९९९ साली त्यांनी स्वतः शिकून व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला आणि वाचनालयातील प्रत्येक पुस्तकाची नोंद स्वहस्ते त्यात भरली. ग्रंथनाम, लेखक, किंमत ह्या रकान्यांखेरीज त्यांनी ‘शेरा’ नावाचा एक मोकळा रकाना ठेवला होता. पुस्तक कोणी, कोणाच्या स्मरणार्थ, कोणत्या प्रसंगी दिले, हे त्यात ते लिहीत. नियमाने लिहावयाचे ते सारे इतर रकान्यांत आणि मनापासून लिहावयाचे ते सारे शेऱ्यात, असा त्यांचा खाक्या होता.

२०१२ साली ते गेले. त्यांच्या मागे प्रोग्रॅम चालू राहिला, पण तो पुन्हा नव्याने बसविणे कोणालाच साधण्यासारखे नव्हते. मूळ तबकड्या हरवल्या होत्या, आणि मराठी अक्षरे युनिकोडपूर्व काळातील एका फाँटात होती. हा फाँट ज्या संगणकात नाही तेथे ती नोंद उघडली, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसे. तेव्हा २०१३ मध्ये आमच्या भाच्याने एक युक्ती केली. तो सबंध संगणक, म्हणजे विंडोज ७, प्रोग्रॅम, फाँट आणि साऱ्या नोंदी, जसाच्या तसा उचलून एका नव्या संगणकाच्या आत बसविला.

हे कसे शक्य होते, असा प्रश्न आम्हांलाही पडला होता. भाच्याने सांगितले, “मामा, तुम्ही वाड्यात भाड्याने राहत होता की नाही? वाडा एकाचा, बिऱ्हाडे चार. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, आपली चूल आपली, आपले दार आपले. तसेच हे.” संगणकात एक मध्यस्थ प्रोग्रॅम बसवितात. तो आतल्या बिऱ्हाडकरूला खोटी पण पुरेशी अशी डिस्क, खोटी स्मृती, खोटे जाळ्याचे कार्ड दाखवितो, आणि बिऱ्हाडकरू समजतो की आपण खऱ्याच यंत्रात राहत आहो. अशा ह्या आतल्या संगणकास आभासी यंत्र म्हणतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० ही अशीच व्यवस्था बाजारात आणली होती; घरगुती संगणकावर ती १९९९ नंतर रुळली. भाच्याने व्हर्च्युअलबॉक्स हा मध्यस्थ वापरला होता.

त्याने आणखी एक चांगली चाल पाडली. दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, दुकानदार वहीपूजन करतात त्याच दिवशी, तो ह्या यंत्राचे गाठोडे बांधून एका बाह्य हार्डडिस्कवर ठेवी. २०१९ च्या पाडव्याला बांधलेले गाठोडे शेवटचे ठरले. पुढच्या वर्षी करोना आला, मग भाचा परदेशी गेला आणि आम्ही, सांगण्यास लाज वाटते, विसरलो. यंत्र रोज चालत होते. चालणाऱ्या वस्तूची काळजी कोण करतो?

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला आणि वाचनालयाच्या तळमजल्यात पाणी शिरले. संगणक पाण्यात गेला. जुन्या दाखल-नोंदवह्या खालच्या कपाटात होत्या. त्यांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर चिखलात उभे राहून आम्ही हिशेब केला, तेव्हा एवढेच हाती उरले होते : माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतील ती बाह्य हार्डडिस्क, आणि तिच्यात २०१९ चे एक गाठोडे. स्नेह्यांचे तेरा वर्षांचे शेरे जगात दुसरीकडे कोठेही नव्हते.

एका सभासदांच्या चिरंजीवांनी आपल्या कार्यालयातला जुना पण धडधाकट सर्व्हर वाचनालयास दिला. त्याच्यावर प्रॉक्समॉक्स नावाचा दुसराच मध्यस्थ बसविलेला होता. हा व्हिएन्ना येथील एका संस्थेचा. २००८ पासून चालत आलेला, मुक्त परवान्याचा. अलीकडे त्याचे नाव बरेच ऐकू येते, कारण ह्या क्षेत्रातील मोठी कंपनी व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमकडे गेली, परवान्यांची पद्धत बदलली आणि पुष्कळ संस्थांनी आपापली बिऱ्हाडे हलविण्यास घेतली. आमचा प्रश्न त्यांच्यासारखाच, फक्त फार लहान होता : एका मालकाच्या घरी बांधलेले गाठोडे दुसऱ्या मालकाच्या घरी सोडता येईल काय?

ह्या कामी आमची नात मदतीस आली. ती संगणकशास्त्र शिकते आणि आजोबांच्या अज्ञानाचा तिला कंटाळा येत नाही, हे आमचे भाग्य. तिचा पहिला दंडक असा : “आजोबा, मूळ गाठोड्याला हात लावायचा नाही. आधी त्याच्या दोन नकला करा. जे काय बिघडवायचे ते नकलेत बिघडवा.” पुढे जे घडले ते पाहता, तो दिवस वाचविणारे वाक्य हेच होते.

गाठोड्याच्या नावाच्या शेवटी ओव्हीए ही अक्षरे होती. अशा बांधणीचा एक सर्वमान्य नमुना आहे. त्याला ओव्हीएफ म्हणतात. डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स ह्या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी २००७ साली त्याचा मसुदा मिळून मांडला. २००९ मध्ये तो प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांत गेला. हेतू हाच, की एकाने बांधलेले दुसऱ्यास सोडता यावे. ओव्हीए हे त्या नमुन्यातील सर्व फाइली एकत्र गुंडाळलेले रूप. आणि ही गुंडाळी म्हणजे युनिक्सच्या जगात चुंबकीय फितींच्या काळापासून चालत आलेली साधी ‘टार’ पद्धत होय. नातीने एक आज्ञा दिली आणि गाठोडे सुटले. आत तीनच वस्तू निघाल्या.

पहिली, एक यादी : यंत्राला स्मृती किती, डिस्क कोणती, कार्ड कोणते, हे सांगणारी, डोळ्यांनी वाचता येईल अशी. दुसरी, डिस्कची प्रतिमा. हेच खरे घर, दाबून लहान केलेले. तिसरी फाइल अगदी चिमुकली. तिच्यात पहिल्या दोहोंचा ताळा लिहिलेला होता. आम्ही जन्मभर हिशेबनीस होतो. ताळा म्हटल्याबरोबर आमचे कान टवकारले. फाइलीतील सर्व आकड्यांवर एक ठराविक गणित केले की एक लांबलचक अंकाक्षरी संख्या येते. मूळ मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी ती संख्या पार बदलते. पाच वर्षे ट्रंकेत पडलेल्या डिस्कवरची फाइल कुजली आहे की शाबूत आहे, हे सांगणारा तोच एक साक्षीदार होता. नातीने नव्याने गणित करविले आणि दोन्ही संख्या एकीखाली एक मांडल्या. आम्ही चष्मा पुसून एकेक अक्षर ताडून पाहिले. ताळा जमला. त्या संध्याकाळी आम्ही घरी येऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी यादी वाचावयास घेतली. प्रमाण नमुना एकच असला तरी यादी लिहिणारा आपल्या घरच्या शब्दांत लिहितो, हे तेथे लक्षात आले. यंत्राचे कुल कोणते, ह्या रकान्यात ‘व्हर्च्युअलबॉक्स-२.२’ असे लिहिले होते. म्हणजे बिऱ्हाडाच्या कपाळावर जुन्या मालकाचे नाव गोंदलेलेच होते. काही मालक हे नाव वाचताच दार लावून घेतात. व्हीएमवेअरच्या दारी असे गाठोडे नेले, तर पुष्कळदा ‘हे कुल आम्ही ओळखत नाही’ असे उत्तर येते. मग जाणते लोक यादीतील ते नाव आणि डिस्कच्या जोडणीचा प्रकार नव्या मालकाच्या बोलीत लिहून देतात. पण तसे केले की यादीचा ताळा मोडतो, कारण यादी आता मूळची राहिलेली नसते; म्हणून ताळाही नवा मांडावा लागतो. ह्याच्या उलट क्रम मात्र कधी करू नये : आधी जुना ताळा पडताळावा, मगच यादीला हात घालावा. नाहीतर आपण केलेला बदल कोणता आणि काळाने केलेला कोणता, हे ओळखण्याची सोय राहत नाही.

आमचे नवे घर त्या मानाने समजूतदार निघाले. ‘क्यूएम इम्पोर्टओव्हीएफ’ ह्या आज्ञेने त्याने यादीतून यंत्राचे नाव, स्मृती आणि डिस्क उचलून घेतली. (२०२४ च्या नोव्हेंबरातील ८.३ ह्या आवृत्तीपासून हेच काम आज्ञा न देता, पडद्यावर बटण दाबूनही करता येते.) जाळ्याचे कार्ड मात्र त्या वाटेने आले नाही, ते आपल्या हाताने जोडावे लागते. येथे एक योग जुळला. जुन्या घरी इंटेलच्या ज्या कार्डाचा आभास होता, तोच नव्या घरीही ‘ई१०००’ ह्या नावाने मिळत होता. तो दिला म्हणजे आतल्या विंडोजला कार्ड ओळखीचे वाटते.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट. कोठेतरी आम्ही वाचले होते, की ह्या मध्यस्थाकडे डिस्क ‘व्हर्टआयओ’ नावाच्या जोडणीवर लावली तर काम पुष्कळ जलद होते. नात चहा करावयास आत गेली होती. आम्ही तेवढ्यात डिस्क साध्या साटा जोडणीवरून काढून व्हर्टआयओवर टाकली, प्रारंभक्रमात ती वर आणली आणि यंत्र सुरू केले. विंडोजचे चिन्ह क्षणभर उजळले आणि सारा पडदा निळा झाला. त्यावर पांढरी अक्षरे, आणि शेवटी ७बी असलेला एक सांकेतिक आकडा. तेरा वर्षांचे शेरे आपण आपल्या हाताने बुडविले असे आम्हांला वाटले. आम्ही काही बोललो नाही. नात कपबशा घेऊन आली, तिने पडद्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, काही गेलेले नाही. त्याला फक्त दार सापडत नाही.”

तिने समजावून सांगितले ते असे. विंडोजला जागे होताना सर्वांत आधी स्वतःची डिस्क वाचावी लागते. ती कोणत्या जोडणीवर आहे, ती कशी वाचावयाची, हे ज्ञान तिच्यापाशी आधीपासून असले पाहिजे. साटाचे ज्ञान २०१९ च्या त्या विंडोजला होते. व्हर्टआयओचे नाव तिने कधी ऐकलेही नव्हते. त्या ज्ञानाची फाइल डिस्कमध्ये घालता येते, पण डिस्क वाचता येत नाही तोवर घालणार कशी? म्हणून हे काम जुन्या घरातून निघण्यापूर्वी करावयाचे असते. तेथे ते राहून गेले, तर आधी जुन्या ओळखीच्या जोडणीवर यंत्र सुरू करावे, शेजारी एक रिकामी छोटी डिस्क व्हर्टआयओवर लावून विंडोजला त्या जोडणीची ओळख करून द्यावी, आणि मगच मुख्य डिस्क तिकडे न्यावी. जुन्या घरी बसविलेले मध्यस्थाचे साहाय्यक प्रोग्रॅमही निघतानाच काढून टाकावेत. म्हणजे तयारी सारी जुन्या मालकाच्या छपराखाली, तो जिवंत आहे तोवर. आमचा जुना मालक तर पुरात वाहून गेला होता.

डिस्क पुन्हा साटावर गेली. ह्या वेळी प्रारंभक्रमात तिचे नाव घालावयास आम्ही विसरलो आणि ‘सुरू करण्याजोगे काही नाही’ असा निरोप आला; पण आता आम्ही निर्ढावलो होतो. क्रम दुरुस्त केला. विंडोज उठली, नवी यंत्रसामग्री सापडली म्हणून तिने थोडी कुरकुर केली, एकदा पुन्हा सुरू करावयास लावले, आणि मग तो परिचित करड्या रंगाचा पडदा, वर आमच्या स्नेह्यांनी स्वतः लिहिलेले ‘नमस्कार’. नातीने सहज एक दाखल क्रमांक टाकला. शेऱ्यात होते : ‘मुखपृष्ठ फाटले होते. परत करणाऱ्या बाईंनी न सांगता स्वतः शिवून आणले. दंड घेऊ नये.’ नातीने ते मोठ्याने वाचले. आम्हांस पुढचे काही वेळ वाचता आले नाही.

सगळेच परत मिळाले असे मात्र नाही. सभासदांची छायाचित्रे एका सामायिक फोल्डरात ठेवलेली होती. तो फोल्डर आतल्या यंत्रातून दिसे, म्हणून आम्ही तो आतलाच समजत होतो. वस्तुतः तो बाहेरच्या, बुडालेल्या संगणकावर होता आणि गाठोड्यात कधीच बांधला गेला नव्हता. आपल्या बिऱ्हाडाची म्हणून जी वस्तू आपण वर्षानुवर्षे समजतो, ती पुष्कळदा घरमालकाच्या माळ्यावर असते. हे कळते ते घर सोडल्यावर. छायाचित्रे गेली ती गेली.

आणि २०१९ च्या पाडव्यापासून २०२४ च्या पुरापर्यंतच्या नोंदी? गाठोडे हे त्या दिवसाचे चित्र असते, पुढचे त्यात काही येत नाही. येथे आमची अब्रू राखली ती वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी. संगणकावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. प्रत्येक नवे पुस्तक त्या स्वतःच्या वहीत लिहीत आणि वही रोज पिशवीतून घरी नेत. आम्ही ह्याबद्दल त्यांची थोडी चेष्टाही करीत असू. पुरानंतर दोन महिन्यांनी त्यांनी ती वही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “घ्या भाऊ, तुमची पाच वर्षे.” आता त्या सांगतात, आम्ही टंकितो. शेऱ्याचा रकानाही आम्ही दोघांनी मिळून आठवेल तसा भरला.

हे यंत्र आज सुरळीत चालत आहे. विंडोज ७ ची देखभाल मूळ कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली असल्याने त्याला बाहेरच्या जाळ्याशी जोडलेले नाही. वाचनालयाच्या चार भिंतींतच ते राहते. वेग बेताचा आहे आणि आमच्या वाचकांना तो पुरतो. पण हा मुक्काम कायमचा नव्हे, हे आम्हांला समजले आहे. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि तिचीही देखभाल २०१५ मध्ये संपली. म्हणून नात आता सर्व नोंदी त्या जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये आणीत आहे. ते काम दिसते त्याहून किचकट आहे. जुना फाँट मजकूर दिसेल तसा साठवितो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, रफार अक्षरानंतर, अर्धी अक्षरे निराळी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने जातो. प्रत्येक वेलांटी उचलून तिच्या अक्षराच्या मागे बसवावी लागते. हे झाले, की शेरे कोणत्याही घरी, कोणत्याही मालकाकडे वाचता येतील.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी गाठोडी असतील : जुन्या संगणकातले कुटुंबाचे टिपण, मंडळाची सभासदयादी, वडिलांनी भरलेली वंशावळ. त्यांना आमची विनंती एवढीच. बांधून ठेवलेले म्हणजे जपलेले नव्हे. वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, गाठोडे नव्याने बांधावे, आणि त्याच दिवशी ते दुसऱ्या एखाद्या घरी सोडून पाहावे. जुने घर उभे आहे तोवर काय राहून गेले ते समजते आणि आणताही येते.

बडोद्यातील मराठी घराण्यांचे पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग इकडे आले, तेव्हा त्यांनी काय बांधून आणले आणि काय मागे राहिले, ह्याची यादी कोणी केली नाही. भाषा आली, देव आले, पुरणपोळी आली. बाकीचे येथील शब्दांत पुन्हा लिहून घ्यावे लागले. आमच्या वाचनालयाची यादी तरी ह्या वेळी आम्ही नीट केली आहे. ह्या वर्षीच्या पाडव्याला ग्रंथपालबाईंनी तिच्यावर हळदकुंकू वाहिले आणि नातीने ताळा घेतला. ताळा जमला.